देवाला दिलेली कोंबडी

अकोल्यातल्या मित्राच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. त्या दिवशी लोक घरचं पिकलेलं, पाळलेलं वेदीपुढच्या टेबलावर आणून देवाला वाहतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. बाकावर माझ्या शेजारी तेल्हाऱ्याकडचा एक म्हातारा बसला होता. त्याच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून मान काढून एक लाल कोंबडी पाळकांचा उपदेश माझ्यापेक्षा जास्त मन लावून ऐकत होती.

लिलावात ती कोंबडी निघाली आणि पहिली बोली म्हाताऱ्यानंच लावली. एका जाडजूड काकांनी ती वाढवली. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहिलं. "भाऊ, रस्स्याले पुरत नाही, नुसती हाडं हायेत!" स्वतःच्याच दानाची अशी बदनामी करत तो बोली चढवत राहिला. शेवटी बाजारभावाच्या दुपटीनं त्यानं आपलीच कोंबडी घेतली आणि पुन्हा पिशवीत घातली.

मी म्हटलं, "बाबा, मग सरळ दानाच्या थैलीत पैसेच टाकायचे की!"

"तीन सालापासून इलेच देऊन राहिलो," तो म्हणाला. "नोट टाकली त मले काय होते? इले टेबलावर ठेवलं का पोटात कालवते. तसं झालं नाही, त देवाले देलं काय?"

कोंबडीचं डोकं कुरवाळत तो फाटकाबाहेर गेला.

सकाळी थैलीत मीही एक नोट टाकली होती. दहाची की वीसची, काही केल्या आठवेना.