खांबावरची खूण

थळच्या पुढं, समुद्राच्या बांधाआड अंबाजीचा जन्म गेला. खारी झालेली भातजमीन कोणी विकत घेईना, आणि त्याचा तिथून पाय निघेना. जाणार तरी कुठं? दर उधाणाला तो बांधाजवळच्या खांबावर कोयत्यानं पाण्याची खूण करायचा. गाव त्या खुणेच्या वर वीतभर चिखल चढवून बांध उंच करायचं.

नारळी पुनवेला लेक तेजस्वी घरी आली. उपग्रहानं समुद्र मोजायच्या कामावर होती ती. जेवताना म्हणाली, "बाबा, वरून सोडलेला रडारचा किरण लाटेचा खळगा जास्त परत पाठवतो, माथा कमी. म्हणून समुद्र आहे त्यापेक्षा खाली दिसतो. लाटा बघून आम्ही तेवढी उंची वाढवून घेतो."

अंबाजीचा घास हातातच राहिला. तोही लाट ओसरून खांब उघडा पडला की मगच कोयता मारायचा!

"मंग माझ्या समद्या खुणा खालीच हायेत!"

ताट सोडून तो बांधावर धावला. उधाण भरात होतं. या खेपेला लाटेच्या माथ्यालाच खूण करायची म्हणून त्यानं कोयता उगारला. लाट खांबाच्या डोक्यावरून गेली. खूण करायला वर लाकूडच उरलं नव्हतं.