पेंढ्यावरची उडी

चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यात सिनेमाची कंपनी आली तेव्हा मी नुकतीच सून म्हणून आले होते. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, भात झोडून झालं होतं. नटीने कड्यावरून खाली झोकून द्यायचं, असं त्यांच्या गोष्टीत होतं. नटी मात्र आंब्याखाली छत्री धरून बसलेली. तिच्यासारखंच हिरवं लुगडं नेसून, मिशा उतरवून, गंगावन लावून उडी मारणार होता एक तिशीतला बाप्या! आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसून हसून बेजार झालो.

खाली पेंढा हवा, असा निरोप आदल्या दिवशीच आला होता. पेंढ्याची उडवी रचण्यात सासूबाईंना पंचक्रोशीत जोड नव्हती. त्यांनी रचलेल्या पेंढ्यात पावसाचा थेंब शिरायचा नाही. त्यात पाहुण्यांचं काम, मग काय विचारता! एकेक थर त्यांनी आम्हा सुनांकडून तुडवून घेतला, वर स्वतः नाचल्या. माझ्या पोटऱ्या अशा ठणकत होत्या की त्या सिनेमावाल्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सकाळी उडीवाल्याने पेंढ्यात हात खुपसला. मनगटापुढे जाईना.

"आई, रचलीय झकास," तो म्हणाला, "पण हिच्यावर पडलो तर कंबर मोडेल माझी. मला पोकळ पाहिजे. आत बुडायला पाहिजे."

मानपान करता करता आपण पाहुण्याचा जीवच घेणार होतो, हे सासूबाईंना कळलं. त्यांनी लगेच उडवी मोडायला घेतली. आम्ही सगळ्यांनी मिळून पेंढा पिंजून मोकळा केला.

मग तो वर चढला आणि आमचं हसू कुठल्या कुठे पळालं. शिट्टी वाजली. त्याने कडा सोडला आणि ते हिरवं लुगडं आभाळात फुलून आलं. इतकं भयंकर आणि इतकं देखणं मी जन्मात दुसरं काही पाहिलं नाही, आज नातवंडं झाली तरी नाही. तो पाठीवर पडला, पेंढ्यात दिसेनासा झाला आणि काड्या थुंकत बाहेर आला.

डायरेक्टरला ती उडी पसंत पडली नाही. "पुन्हा! लवकर, ऊन चाललंय!" तो ओरडला. उडीवाला मुकाट्याने वर निघाला. पेंढा तर पहिल्या उडीने दबून बसला होता. सासूबाई तरातरा गेल्या आणि त्याच्या मधोमध फतकल मारून बसल्या.

"बाई, उठा तिथून!" डायरेक्टर खेकसला.

"नाय उठायची. आदी पेंढा पिंजा. ऊन काय, उद्या बी पडंल."

घरच्या बाप्यांनी हात जोडले, डायरेक्टरने कपाळ बडवलं. त्या ढिम्म. भोवतीचा पेंढा आम्ही पुन्हा पिंजला, त्यात त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून पाहिला, तेव्हा कुठे उतरल्या. त्यांची जागा शेवटी पिंजली.

दुसऱ्या उडीला मी डोळे गच्च मिटून घेतले. तो धडधाकट बाहेर आल्याचं मला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं.

सासूबाई त्याची पाठ झाडू लागल्या. झाडता झाडता दोन धपाटे चांगलेच जोरात बसले.

"आई हाय ना रं तुला?"

"आहे. गावाला असते."

"तिला ठावं हाय, तू हे काय करतोस ते?"

त्याने गंगावन काढून हातात घेतलं. "गिरणीत लागलोय असं सांगितलंय तिला."

पेंढ्याची काडी उरली नव्हती, तरी सासूबाई त्याची पाठ झाडत राहिल्या.