मामांबरोबर नदीपर्यंत

माझं पहिलं लग्न झालं आणि मी शिरूरहून दौंडला आले, ती नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. नवरा कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. घर रेल्वे लाइनीजवळ, दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचं छप्पर. घरात आम्ही दोघं आणि सासूसासरे. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्या, म्हणून इथंही मी तसंच म्हणते.

मामांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाआधी परतायचं. मामा लहानपणी त्या चालीतच वाढले. पुढं मेंढरं विकली, मामा रेल्वेच्या गँगमध्ये लागले आणि नोकरीभर रुळाच्या कडेनं चालत राहिले. रिटायर झाल्यावरही पहाटे त्यांना अंथरुणात पडवायचं नाही. उजाडायच्या आत उठायचे, खांद्यावर घोंगडी टाकायचे, काठी घ्यायचे आणि भीमेपर्यंत जाऊन यायचे. परत आले की चेहरा नुकतीच आंघोळ केल्यासारखा दिसायचा. आत्या चहाची कपबशी पुढं सरकवून विचारायच्या, "काय ठेवलंय वो त्या नदीला रोज?"

मामा हसायचे. "काय न्हाई. बरं वाटतं."

लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. थंडीचे दिवस होते. नवऱ्याची थर्ड शिफ्ट होती. सकाळी शिफ्ट सुटली की तो मोटारसायकलवर घरी यायचा. त्या सकाळी दाट धुकं पडलं होतं. कुरकुंभ रस्त्यावर एक बंद पडलेला ट्रक दिवे न लावता उभा होता, तो त्याला दिसला नाही. तो गेल्याचा निरोप त्याच्याबरोबरच्या कामगारांनी आणला. ते कंपनीचे कपडे घालूनच आले होते. मी चहाचं आधण ठेवलेलं होतं. मामा फिरायला गेलेले होते. त्यांना शोधायला माणूस नदीकडं गेला.

पुढचे महिने मला सलग आठवत नाहीत. पहाट मात्र आठवते. त्याची यायची वेळ झाली की माझी झोप आपोआप मोडायची आणि कान गाडीच्या आवाजाकडं लागायचे. गल्लीतून कुणाचीही मोटारसायकल गेली तरी मी उठून बसायचे. बाहेरच्या खोलीत मामाही जागे असायचे, भिंतीकडं तोंड करून. त्यांनी फिरणं सोडलं होतं.

शिमगा होऊन गेला असेल. एका पहाटे मी अशीच उठून बसले होते, तर मामा दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडी.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

"कुठं?"

"नदीला."

मी आत्यांकडं बघितलं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "जा बाय."

त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही. मामा पुढं, मी मागं, आणि माझी नजर त्यांच्या टाचांवर. भेगाळलेल्या टाचा, जुन्या वहाणा, एकसारखी चाल. रेल्वे क्वार्टर्सची भिंत संपली, पिठाची गिरणी गेली, बाभळी लागल्या आणि मग नदी आली. मामा एका दगडावर बसले. मी लांब दुसऱ्या दगडावर. घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या, आणि खाल्ल्याचंच वाईट वाटून मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात आले. तिसऱ्या दिवशी मीच आधी चप्पल घालून बसले होते.

हळूहळू मान वर व्हायला लागली. हॉटेलवाला भट्टी पेटवत असायचा, त्या रॉकेलच्या वासानंतर एकदम नदीचा गार वास यायचा. पलीकडं यार्डात इंजिनाची शिट्टी व्हायची. साखर कारखान्यांचा सीझन असला की वाऱ्यावर मळीचा वास असायचा, आणि वारा फिरला की कुरकुंभचा, घसा खवखवायला लावणारा. तो आला की आम्ही दोघंही पाय उचलायचो. वाळूवर मी चप्पल काढून चालायचे. पहाटेची वाळू इतकी गार असते की तो गारवा पायांतून डोक्यापर्यंत चढते. टिटवी ओरडत डोक्यावरून जायची. कोळी जाळं ओढत असायचे. ह्या कशाचाही माझ्याशी संबंध नव्हता आणि कोणी मला काही विचारत नव्हतं. दिवसभरात तेवढा वेळ मी कुणाची विधवा नसायचे.

मामाही बोलायला लागले, बहुतेक मेंढरांबद्दल. एकदा नदीकडून एक परका कळप येत होता. मामांनी मला म्हटलं, "थांब, गंमत दावतो," आणि जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. अर्धा कळप वळून आमच्याकडंच यायला लागला. मागून मेंढपाळ धावत आला.

"आरं कोन हाय त्यो? माझी मेंढरं कशापायी बोलावतो?"

"चुकून आवाज निघला, पावणं!" मामा म्हणाले, आणि घोंगडीत तोंड लपवून हसले. मीही हसले. मोठ्यानं. मग माझी नजर पुन्हा त्यांच्या टाचांवर गेली, ती घरापर्यंत तिथंच राहिली.

लोकांनी नावं ठेवली, ती ठेवणारच होते. नळावर एक बाई दुसरीला सांगत होती, "नवऱ्याचं वरीस झालं न्हाई, आन् ही सासऱ्याबरुबर फिराय निघती. हवा खायला!" मी हंडा अर्धाच भरून आले. आत्यांना काही सांगितलं नाही, पण त्यांच्यापर्यंत पोचलंच. मला वाटलं, उद्यापासून बंद.

पहाटे बघते तर आत्या लुगडं सावरून दारात उभ्या. त्यांचे गुडघे धरलेले, बाजारातसुद्धा त्या जायच्या नाहीत. "चला," म्हणाल्या. आम्ही तिघं निघालो. नळावर बाया होत्याच. आत्या तिथं थांबल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमी नदीला चाललोय. कुनाला यायचं असंल तर या. घरात बसून नुसतं तोंड चालवण्यापरीस पाय चालवा." कुणी वर बघितलं नाही. आत्या गिरणीपर्यंत आल्या, बंद गिरणीच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं हितपातुर. तुमी या जाऊन." परत येईपर्यंत त्या तिथंच बसून होत्या, लुगड्याला मागून पीठ लागलेलं. मग हा रोजचाच क्रम झाला. आत्या गिरणीपर्यंत, आम्ही नदीपर्यंत.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मामा कधीही कुरकुंभच्या बाजूला वळायचे नाहीत. भाजी आणायलाही तिकडून जाणं टाळायचे. वर्षश्राद्ध झाल्यावर एका पहाटे मी म्हटलं, "मामा, आज तिकडं जाऊ."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग वळले.

रेल्वेखालचा बोगदा ओलांडून आम्ही कुरकुंभ रस्त्यानं चालत राहिलो. ती जागा त्यांनी दाखवली. तिथं काहीही नव्हतं. डांबर, कडेला कुसळं, लांबवर कंपन्यांचे दिवे. टँकर अंगावर वारा सोडून जात होते. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल, काय दिसेल ते माहीत नव्हतं. मामा रस्त्याखालच्या नाल्याच्या कठड्यावर बसले आणि रडायला लागले. वर्षभरात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

"तवा मी नदीला हुतो," ते म्हणाले. "गार वारं सुटलं हुतं. धुकं असं पाण्यावर उतरल्यालं. मला लई बरं वाटत हुतं, पोरी. लई बरं. हितं ह्यो पडल्याला, आन् तिथं मला बरं वाटत हुतं."

मी त्यांच्याशेजारी बसले.

"मग फिरायचं सोडलं. पर आत जीव गुदमरायला लागला. एकट्याला पाय उचलंना. म्हनून तुला घिऊन गेलो. लोकं म्हंतात सासऱ्यानं सुनंला सावरलं. मीच तुला धरून चाललोय."

इतके दिवस मी समजत होते की ते मला बाहेर काढतायत. त्या कठड्यावर बसून मी पहिल्यांदा त्यांचा हात धरला. परत जाताना आम्ही शेजारी शेजारी चाललो, आणि पुढंही तसंच चालत राहिलो.

आमच्यात बाईचं दुसरं लग्न लावायची रीत जुनी आहे. पुढच्या उन्हाळ्यात शिरूरहून माझा भाऊ आला. शिरूरचाच एक माणूस होता, एसटीत नोकरीला, बायको आजारानं गेलेली. भाऊ मामांशी बोलून गेला. दुसऱ्या दिवशी नदीवर मामांनी विषय काढला.

"तुझ्या मनात काय हाय?"

"मला न्हाई जायचं."

"आमी दोघं किती दिस पुरनार? आमी गेल्यावर तू ह्या घरात एकटी बसशील. मला ते बघवंना."

"तुम्ही तेव्हा नसणार बघायला, मामा."

"तरी बघवंना," ते म्हणाले आणि उठून चालायला लागले. घर आलं तेव्हा माझं ठरलं होतं, की त्यांचं ठरलेलं मी मान्य केलं होतं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. माझी ओटी आत्यांनी भरली. मामा सोडायला स्टँडवर आले नाहीत. ते फिरायला गेले होते, भर दुपारी.

शिरूरला मी घोडनदीच्या काठानं फिरायला लागले, एकटी. नवरा भला माणूस, त्याला सकाळची झोप प्रिय. पहिले काही महिने मी चालताना सारखी उजव्या बाजूला थोडी जागा सोडत होते. एकदा मामा भेटायला आले, मुक्काम केला. सकाळी आम्ही निघालो. नदीत पाणी फार नव्हतं. "तुमची नदी बारकी हाय," ते म्हणाले, आणि तरी काठावर खूप वेळ बसले. उठताना त्यांचा डावा पाय मागं राहत होता. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "वहान झिजलीय."

वहाण झिजली नव्हती. वर्षाच्या आतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. माझ्या नवऱ्यानं सांगितलं, "जा, पाहिजे तेवढे दिवस राहा." मी दौंडला जाऊन राहिले. मामा खाटेवर होते, डोळे तेवढे जागे. पहाट झाली की ते दाराकडं बघायचे. आत्या म्हणाल्या, "ह्या वक्ताला असंच करत्यात. काय पायजे कळत न्हाई." मला कळलं. मी चप्पल घातली आणि त्यांना म्हटलं, "मी जाऊन येते, मग सांगते."

नदी आता ती राहिली नव्हती. काठापासून काठापर्यंत जलपर्णी, खाली काळं पाणी, आणि वास. वाळू उपसून मोठमोठे खड्डे पडले होते. कोळी कुठं दिसले नाहीत. मी बसले नाही, तशीच फिरले. घरी येऊन खाटेजवळ बसले आणि सांगितलं की पाणी निवळ आहे, टिटवी ओरडत होती, कोळ्याला आज मासा चांगला लागला. मामांच्या तोंडाची चालणारी बाजू थोडी हलली. ते हसले, की मला हसले, कोण जाणे. मी होते तोवर रोज जाऊन आले आणि रोज खोटं सांगितलं.

मी शिरूरला परतले आणि पावसाळ्यात मामा गेले. मला कुणी कळवलं नाही. शिरूरच्या आठवडे बाजारात दौंडकडची एक ओळखीची बाई भेटली, ती सहज म्हणाली, "तुझ्या पहिल्या सासऱ्याचा तर तेरावाबी झाला की!" भाजीची पिशवी तिथंच ठेवून मी घरी आले. शेजारणीनं विचारलं, कोण वारलं? मी म्हटलं, माझे मामा. तिला आईचा भाऊ वाटला. मी काही दुरुस्त केलं नाही. आमच्या घरात सुतक नव्हतं. संध्याकाळी देवापुढं दिवा लागला, स्वयंपाक झाला.

आत्यांना त्यांच्या लेकीनं भांडगावला नेलं होतं. दोन दिवसांनी मी तिथं गेले. ओट्यावर बसलेल्या आत्यांनी मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"मी म्हनले तिला कळवा," त्या म्हणाल्या. "पर चुलतपुतन्या म्हनला, ती आता दुसऱ्या घरची, तिला कशाला? माझं कोन ऐकतंय बाय?"

"शेवटी काही बोलले का?"

"वाचा कुठं हुती? सकाळी दार उघडं ठेवलं. थंड वारं येत हुतं. डोळं मिटून पडल्याले. मला वाटलं निजलेत."

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यानंतर मी दर दिवाळीला भांडगावला जात राहिले. आत्या फार वर्षं काढणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या गेल्या तेव्हा मात्र निरोप वेळेवर आला. माझा नवरा त्या दिवशी ड्यूटीवर गेला नाही. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं निघालो आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरलो. पुढं वाहन मिळेना, म्हणून रस्त्यानं चालत गेलो. तो माझ्या शेजारी होता. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "दमलीस का?" मी म्हटलं, नाही.