बोगस डबी

मखमलाबादच्या महेशला गिटार उत्तम येते, असं त्याचं स्वतःचं मत होतं. ते पडताळून पाहायची सोय मात्र नव्हती, कारण त्याची गिटार अजून कुणाला धड ऐकूच आली नव्हती. दोष रिव्हर्ब पेडलचा. म्हणजे पायाने दाबायची एक डबी. ती दाबली की गिटार देवळाच्या गाभाऱ्यात वाजवल्यासारखी घुमते. महेशची डबी शेजाऱ्याने विहिरीवरची मोटार चालू केली की घूं करायची, मोटार बंद झाली की खरखरायची, आणि दोन्ही थांबलं तर सगळे सूर एकमेकांत मिसळून त्यांची लापशी व्हायची. सकाळी मेथी-कोथिंबीर मार्केटला टाकून आला की महेश दुपारभर तिची नाडी बघत बसे. वायर बदलली, अडॅप्टर काढून बॅटरी लावली. खरखर गेली, घूं गेली, लापशी राहिली.

घरात त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. या घरची ती रीतच नाही. पीक बुडालं की बियाणं बोगस निघालं म्हणायचं, लावणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. गेल्या साली माहेरच्या लग्नाच्या गडबडीत त्याची बायको योगिनी कोबीला पाणी सोडायला विसरली आणि अख्खा प्लॉट करपला. तेव्हा बियाण्याच्या नावाने सगळ्यात मोठ्याने महेशच ओरडला होता. त्याच न्यायाने त्याची आई साळूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, पोराच्या हातात कला आहे, डबी तेवढी बोगस.

मग चुलत बहीण छायाची हळद ठरली. महेशने भाऊबंदांत जाहीर करून टाकलं, की या वेळी मांडवात आपणच वाजवणार. कसर नको म्हणून त्याने भारीतली नवी डबी मागवली.

ती आली तेव्हा सासू-सुना ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. महेशने डबी दाबली आणि वाजवायला घेतलं. मोटार चालू असूनही आवाज स्वच्छ होता. एकेक सूर सुटा ऐकू येत होता, आणि जवळजवळ प्रत्येक सूर चुकत होता. बोट तारेवर उशिरा पोचत होतं, ताल लंगडत होता, आणि डबी इमानदार असल्यामुळे प्रत्येक चूक घुमवून घुमवून ऐकवत होती. महेश मधेच थांबला.

जुड्या बांधणारे हात थांबले नाहीत. साळूबाईने मान वर न करता विचारलं, "ही बी तसलीच का रे?"

"बोगसच निघाली ही पण," योगिनी म्हणाली. "परत पाठवून द्या."

कोबीच्या वेळी आपण जितकं ठासून बोललो होतो, तितकंच ठासून ती बोलली. महेशला तो करपलेला प्लॉट आठवला. लाज वाटली, आणि तिच्याबद्दल मायाही दाटून आली. या दोघींना हे कधीपासून माहीत होतं, ते विचारायचं धाडस मात्र त्याचं झालं नाही.

"द्यायलाच पाहिजे," तो म्हणाला.

हळदीला त्याने जुनी डबी नेली, आणि बॅटरी काढून मुद्दाम मांडवाच्या लाइनला जोडली. घूं झाली, खरखर झाली, लापशी झाली. एवढा वाजवणारा माणूस, पण डबीने घात केला, म्हणून भाऊबंद हळहळले. सगळ्यात मोठ्याने हळहळत होती योगिनी.