एक चाक काट्याबाहेर

माझ्या थोरल्या जाऊबाई ट्रकांचं वजन करतात. वस्ती संपून खडी-वाळूचे ढीग सुरू होतात तिथे एक वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेली लांबरुंद लोखंडी पाटी आणि शेजारी एका माणसापुरती काचेची खोली. आधी रिकामा ट्रक पाटीवर चढतो, मग खडी भरून आला की पुन्हा चढतो. मधला फरक तो माल. जाऊबाई आकडा वाचतात, खिडकीतून चिठ्ठी देतात आणि पुढच्याला हात करतात. सगळा धंदा त्या फरकावर चालतो. लबाडीही तिथेच चालते.

लबाडीचे प्रकार त्यांना तोंडपाठ. कुणी रिकाम्या गाडीत दोन माणसं लपवून आणतो, म्हणजे गाडी जड भरेल आणि नंतर माल कमी दिसेल. कुणी भरलेली गाडी चढवताना मागचं एक चाक हळूच पाटीच्या कडेवर ठेवतो. जाऊबाई मानही वर न करता म्हणतात, "दादा, चाक आत घ्या." दादा कितीही मिशाळ असला तरी मुकाट्याने चाक आत घेतो.

घरात मात्र आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकाच छपराखाली दोन चुली नाहीत एवढंच. मला त्या शिष्ट वाटायच्या. नाकावर माशी बसू देतील तर शपथ. कुणाकडे जायचं नाही, गेल्या तर दाराजवळची खुर्ची धरायची, विनोद झाला तर ओठ मिटून हसायचं. माझ्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या आधीच निघून गेल्या. घरची थोरली सून, आणि पाहुणे जेवत असताना ही बाई रिक्षात. मी तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

एकदा घराची किल्ली द्यायला मी काट्यावर गेले. ट्रकांची ही रांग, हॉर्नचा नुसता कल्लोळ. काचेच्या खोलीत जाऊबाई उभ्या होत्या, पायावर पाय आवळून, दोन्ही हातांनी टेबल धरून. तिथलं संडास आवाराच्या पार पलीकडे, ड्रायव्हरांच्या पत्र्याच्या शेडमागे. त्याची किल्ली वॉचमनकडे. जायचं म्हणजे 'काटा बंद' अशी पाटी लटकवायची, वॉचमनपुढे हात पसरायचा आणि सगळ्या शेडसमोरून चालत जायचं. बाई कुठे निघाल्या ते सगळ्यांना कळतं आणि परत येईपर्यंत हॉर्न थांबत नाहीत.

मी दार उघडलं तेव्हा उशीर झालेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आकडा वाचला, चिठ्ठी दिली, मग हळू आवाजात म्हणाल्या, "दार लाव. घरून माझी दुसरी सलवार आण. आणि कुणाला सांगू नकोस."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. घरी जाऊन कपाटातून सलवार काढताना मला लग्नातली ती रिक्षा आठवली आणि स्वतःचा संताप आला.

मग हळूहळू कळत गेलं. एकुलत्या एका बाळंतपणात फार हाल झाले होते, आणि तेव्हापासून हे. आधी शिंक आली की, मग जिना चढला की, आता तर उठताबसताही. लघवी धरवत नाही, आणि लागली की वेळच मिळत नाही. उपाय त्यांनी स्वतःच शोधला होता. सकाळपासून पाणी प्यायचं नाही आणि जुन्या कपड्यांच्या घड्या घेऊन वावरायचं. थोरल्या दिरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या घोरण्याने झोप मोडते असं सांगून जाऊबाईंनी वेगळ्या खोलीत अंथरूण नेलं होतं, आणि ते बिचारे घोरण्यावर काढे पीत होते.

"मालक आता काटा जास्त वेळ चालू ठेवणार," एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या. "मला जमायचं नाही. पुढच्या महिन्यात सोडते काम."

"सोडा की. घरी आराम."

"घरी कोण विचारतं मला? तिथे माझ्या शब्दावर ट्रक हलतो."



मी शिवणकाम करते. माझ्या एका गिऱ्हाइकबाई मोठ्या इस्पितळात नर्स आहेत. त्यांना मापं घेता घेता मी आडून विचारलं, माझ्या ओळखीत एकीला असं असं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, नेमकं याच दुखण्यावर आमच्याकडे संशोधन चाललंय, बायका हव्या आहेत, फी नाही, पण नावं घेणं लवकरच बंद होईल. जाऊबाईंना तिथवर न्यायला मला जी गोडीगुलाबी करावी लागली तेवढी मी नवऱ्याशीही कधी केली नाही.

तिथली डॉक्टर लेकीच्या वयाची, जाड चष्म्याची. तिने ओढणी दोन हातात ताणून दाखवली. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची अशी झोळी असते, ती सगळं वर तोलून धरते. बाळंतपणात ती ताणली जाते आणि मग सैल पडते. फार बायकांना होतं, सांगतात थोड्या. व्यायाम नीट शिकवला तर पुष्कळजणींचा त्रास कमी होतो. किती कमी होतो आणि कुणाचा, हेच त्यांना शोधायचं होतं.

"पण आधी गळतं किती ते मोजावं लागेल," ती म्हणाली. आधीच वजन केलेले पॅड तिने बंद पिशवीत दिले. दिवसभर वापरायचे, पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं आणि आणून द्यायचं. पुन्हा वजन करणार. मधला फरक ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तरच नाव घेणार.

मी जाऊबाईंकडे पाहून हसले. "हे तर तुमचंच खातं."

त्या हसल्या नाहीत.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाई खुशीत होत्या. "फरक जवळजवळ नाहीच. तुमचा त्रास आमच्या मोजमापात बसत नाही. तशी चांगलीच गोष्ट आहे ही."

जाऊबाई म्हणाल्या, "बरं." आणि उठल्या.

मला काही समजेना. ती ओली सलवार मी या हातांनी धुतली होती. बाहेरच्या बाकावर त्यांना बसवलं आणि विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

 समोरच्या भिंतीकडे पाहत त्या म्हणाल्या, "दिवसभर माझ्याच घड्या वापरल्या. त्यांचे पॅड तेवढे जरा जरा वेळ लावले आणि पिशवीत घातले."

"अहो, पण का?"

"त्या पिशवीतून आरपार दिसतं. वर माझं नाव. त्या खिडकीत पिशव्या घ्यायला बाप्या बसलाय. आणि ती पोरगी ते हातात घेऊन मोजणार. दुसऱ्याचं भांडं तरी आपण खरकटं परत देतो का गं?"

माझा तोल गेला. "जन्मभर लोकांची चाकं आत घ्यायला लावलीत, आणि स्वतःचं बाहेर ठेवलंत!"

त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पण रडल्या त्या आवाज न करता, श्वास रोखून. मला वाटलं लोकांना लाजतायत. मग लक्षात आलं, हुंदका द्यायची सोय नव्हती. हुंदका दिला तर गळलं असतं. मी पदर पुढे केला आणि गप्प बसले. मला गप्प बसणं तसं जड जातं.

"आत जाऊन सांगू या," मी शेवटी म्हणाले.

"काय सांगू? खोटारडी ठरेन."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काय, चाललंय तसं." मग स्वतःशीच म्हणाल्या, "काम तर जाणारच." इकडे आड तिकडे विहीर, आणि मधोमध माझ्या जाऊबाई, गुडघे जुळवून बसलेल्या.

डॉक्टर जेवणाचा डबा घेऊन बाहेर आल्या तेव्हाही आम्ही तिथेच होतो. जाऊबाई उभ्या राहिल्या. बाकावर आणखी चार माणसं होती, त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "डॉक्टर, मी वजन चोरलं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. डबा तसाच बगलेत ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या नाही. चला, इथेच करू." चाचणी अशी की बाटलीभर पाणी प्यायचं, थांबायचं, मग चालायचं, जिना चढायचा, खोकायचं, उड्या मारायच्या, आणि मग पॅडचं वजन. जाऊबाईंना घराबाहेर पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहत होते. औषध घ्यावं तसं डोळे मिटून त्या प्यायल्या. मग मला म्हणाल्या, "तू आता जा." दाराबाहेरून मला त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. मुद्दाम, मोठ्याने, पुन्हा पुन्हा.

फरक भरला. भरपूर भरला. नाव घेतलं गेलं.

मी तर पेढे वाटायच्या बेतात होते. तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, आता गट ठरेल. अर्ध्या बायकांना लगेच व्यायाम, अर्ध्यांना सहा महिन्यांनी. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यात माझाही हात चालत नाही. त्यांनी बटण दाबलं, चष्मा वर केला, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"मी या सहा महिन्यांत काय करायचं?" जाऊबाईंनी विचारलं.

"काही नाही. नेहमीसारखंच राहायचं. आहे तेच काम, आहेत त्याच सवयी. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचं काय होतं, तेही मोजावं लागतं." मग घाईने पुढे म्हणाल्या, "सोडायचं झालं तर केव्हाही सोडा. दुसरीकडे उपचार घेतलेत तरी कुणी अडवणार नाही."

दुसरीकडे म्हणजे कुठे, आणि तेही बिनपैशाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

परतताना बसमध्ये मी तणतणत होते. खरं बोलल्याचं हेच का फळ? जाऊबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. रिकामं वजन घेतल्याशिवाय भरलेल्याचं काय कळणार?"

"म्हणजे तुम्ही रिकाम्या?"

"कुणीतरी लागतंच ना."

"मग काम तरी सोडा. पुढच्या महिन्यात सोडणारच होतात. घरी न्हाणीघर हाताशी आहे, लागलं की उठायचं."

"आता कसं सोडू?" त्या म्हणाल्या. "घरी बसले की गळणारच कमी. मग त्यांचा आकडा चुकेल."

"चुकू दे. कोण बघायला येतंय?"

 मला त्यांचा राग आला, त्या डॉक्टरचा आला, त्या कॉम्प्युटरचा आला, आणि कुणाचंच चूक नव्हतं म्हणून तो जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा डबा भरला आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवली. त्यांनी डबा पिशवीत घातला. बाटली हाताने बाजूला केली आणि काट्यावर गेल्या.