हेराचा गडी

पंजाबराव डोंगरवार खलाशी होता. जहाजावरचा नव्हे. भिलाईत अवजड लोखंड दोर-कप्प्यांनी वर चढवणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. सत्तावन्न साली तो भंडारा जिल्ह्यातून, वैनगंगेकाठच्या एका खेड्यातून आला, तेव्हा कारखान्याच्या जागी उकरलेली माती आणि आखणीचे खुंट एवढंच होतं. वर्षभर त्यानं घमेली वाहिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या माणसानं बांधलेला दोर सरकत नाही. चुलत्याची नाव होती नदीवर. गाठी तो तिथे शिकला होता. पासष्ट साली, कारखाना वाढवण्याचं काम जोरात होतं तेव्हा, तो बारा खलाशांच्या टोळीचा मुख्य होता. उजव्या करंगळीचं एक पेर साखळीनं नेलं होतं. बोलायचा कमी. समोरचा कितीही तापला तरी याचा चेहरा निवांत.

मी भाऊराव, टाइम ऑफिसात कारकून. वडील दुर्ग स्टेशनवर सांधेवाले, त्यामुळे माझं सगळं लहानपण रुळांच्या कडेला गेलं. सेक्टर सहात पंजाबरावचं आणि माझं क्वार्टर समोरासमोर होतं. त्याची बायको पंचफुला आणि माझी कांता नळावर रोज भेटत. कांताला तेव्हा सहावा महिना होता.

त्या वर्षी गणपतीत भय्याजींनी नाटक बसवलं. भय्याजी स्टोअरमध्ये होते, नागपूरकडचे, नाटकाचं वेड असलेले. नाटक त्यांनीच लिहिलं होतं: शत्रूचे हेर रेल्वेचा पूल उडवायला येतात. हेरांचा म्होरक्या डॉक्टर, म्हणजे खुद्द भय्याजी, काळा चष्मा लावून. त्याच्या हाताखालचा माणूस सखा. सख्याला एकच मोठा प्रवेश होता. पुलाच्या म्हाताऱ्या चौकीदाराकडून फाटकाची चावी काढून घ्यायची आणि त्याला खुर्चीला बांधून टाकायचं. बांधाबांधीचं काम आहे म्हणून पंजाबरावला धरून आणलं. चौकीदार झाला कॅन्टीनमधला सुखराम. मी प्रॉम्प्टर.

पहिल्या तालमीला भय्याजींनी करून दाखवलं. डोळे वटारले, हसले, सुखरामच्या मानेला हिसका दिला.

पंजाबराव बघत राहिला. मग म्हणाला, "भय्याजी, मी हसू कावून?"

"कावून म्हणजे? तू खलनायकाचा माणूस आहेस."

"मोठ्याले हसू द्या. तुम्ही साहेब आहा. ह्या गड्याले काम आटपून घरी जायचं आहे."

त्यानं खुर्ची ओढली, सुखरामच्या शेजारी बसला आणि विचारलं, "काका, पोरगी बाळंतपणाले आली म्हणते? कोणता महिना?" सुखराम उत्तर देऊ लागला. पंजाबराव ऐकत होता, मान हलवत होता, आणि बोलता बोलता त्याचे हात दोर गुंडाळत होते. सुखराम उठायला गेला तेव्हा कळलं की दोन्ही मनगटं खुर्चीला बांधली गेली आहेत.

भय्याजींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

मी नंतर त्याला विचारलं, हे कसं सुचलं. तो म्हणाला, "सख्याले पोरीचं खरंच विचारायचं आहे, भाऊराव. खोटं नाही विचारून राहिला थो. अन् बांधायचंबी खरंच आहे. दोन्ही खरं. त्याचीच भीती वाटते माणसाले."

संवाद त्यानं आपल्या बोलीत बदलून घेतले. त्याला अडखळत वाचता यायचं, लिहिता येत नसे; पाठ करायला मी ते मोठ्या अक्षरात लिहून दिले. कागद होता ऑफिसातला, हजेरीच्या छापील तक्त्याचा. मागची बाजू कोरी होती. ऑफिसचा कागद बाहेर न्यायचा नाही, हे मला माहीत होतं. एका कागदानं काय होतं, असं वाटलं.

नाटक झालं सेक्टर सहाच्या मैदानावरच्या मांडवात. डॉक्टर हसला की पोरं टाळ्या वाजवत होती. सख्याच्या प्रवेशाला मांडव गप्प झाला. पुढच्या रांगेतली एक बाई न राहवून म्हणाली, "काका, उठा ना." सुखरामला खरोखरच उठता येत नव्हतं.

दोनच दिवसांत रेडिओवर लाहोरकडच्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या.

खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. जवळच्या जुनवानी गावाच्या शेतात छत्रीनं माणसं उतरली, अशी आवई उठली. लोक काठ्या घेऊन धावले, कुणी सापडलं नाही. कारखान्याच्या गेटवर झडती कडक झाली. अनोळखी माणूस दिसला की चार जण नाव-गाव विचारायचे. पण खरी गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, लोकांना अनोळखी माणसापेक्षा पंजाबरावची जास्त धास्ती वाटू लागली. तो कॅन्टीनमध्ये बसला की बाकावरची माणसं चहा लवकर संपवायची. पंचफुला नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. कांताच मला म्हणाली, "लोक म्हणतात, इतकं खरं कसं जमलं त्यांना?"

"नाटक होतं ते," मी म्हणालो.

"मला माहीत आहे हो. पण त्यांनी परवा मला विचारलं, कोणता महिना, तर अंगावर काटा आला."

अकरा सप्टेंबरला, सकाळची पाळी दोनला सुटली, तेव्हा गेटवरच्या झडतीत पंजाबरावच्या खिशातून तो कागद निघाला.

एका बाजूला माझ्या अक्षरात: पूल उद्या दुपारी. गाडी बारा वीसची. चावी माझ्यापाशी दे, काका. कोणाले सांगू नोको. दुसऱ्या बाजूला, हजेरीच्या छापील रकान्यांवर, पेन्सिलीनं काढलेली उंच भट्टी, तिच्याभोवती रेघा, बाण आणि आकडे. पंजाबरावला साहेबांचे नकाशे वाचता येत नसत. कोणता दोर कुठे घ्यायचा हे तो आदल्या दिवशी स्वतःच असं काढून ठेवायचा. हाताला लागेल त्या कागदावर.

चार वाजता मला बोलावणं आलं.

गेटजवळ पत्र्याची एक खोली होती. आत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीशी बाक. चौकशीसाठी बाहेरून आलेले एक साहेब बसले होते, पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. बाकावर पंजाबराव. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी कागद उलटा करून माझ्यासमोर सरकवला.

"यह फॉर्म आपके दफ्तर का है?"

"जी."

"और यह लिखावट? पहचानते हैं?"

माझी 'च' ची गाठ, माझा लांब ओढलेला काना. ऑफिसात कुणीही सांगितलं असतं. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कारखान्याचा कागद, कारखान्याचा नकाशा, पुलाचा मजकूर, आणि अक्षर कारकुनाचं. नोकरी कायम व्हायला मला चार महिने राहिले होते. कांताचं पोट डोळ्यांपुढे आलं. हे सगळं मी एवढ्या सविस्तर तेव्हा ठरवलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"नहीं साहब."

"यह आदमी कहता है, नाटक का कागज है. आप नाटक में थे?"

"मैं सिर्फ पीछे बैठता था."

साहेब पंजाबरावकडे वळले. "किसने लिखा है? आखिरी बार पूछ रहा हूँ."

पंजाबराव म्हणाला, "याद नहीं आ रहा साहब. वहाँ बहुत लोग थे."

त्याला चांगलं आठवत होतं. आमच्याच ओट्यावर बसून मी लिहिलं होतं, शेजारी बसून त्यानं शब्द सांगितले होते.

मला जायला सांगितलं. मी सायकल घेतली आणि घरापर्यंत चालतच आलो. पायडल मारायचं सुचलं नाही. दारात पंचफुला उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"भाऊजी, तुम्ही सांगतलं ना त्याहिले? नाटकाचा कागद आहे म्हणून?"

मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

"पण तुम्ही सांगतलं ना?"

कांता आतून बाहेर आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पंचफुलाचा हात धरून तिला आत घेऊन गेली. दिवे लागायच्या वेळेला ती मला एवढंच म्हणाली, "अक्षर तुमचं आहे. मी तिथेच बसले होते भाजी निवडत."

त्या रात्री मी झोपलो नाही. सख्या मला आठवत होता, म्हणजे पंजाबरावनं उभा केलेला सख्या. त्याला कुणाशी वैर नव्हतं, त्याला घरी जायचं होतं. मी पण साहेबांच्या पुढून घरी आलो होतो.

सकाळी आठला भय्याजींकडे गेलो. नाटकाची वही त्यांच्याकडे होती, सगळी माझ्या हातची. त्यांना खरं सांगितलं. त्यांनी वही काढून माझ्या हातात दिली आणि टोपी घातली. आम्ही दोघं पत्र्याच्या खोलीत गेलो. पंजाबराव तिथेच होता. रात्रभर बाकावर बसवलं होतं त्याला. डोळे लाल, पण चेहरा तसाच.

मी वही टेबलावर ठेवली. म्हणालो, "साहब, लिखावट मेरी है. कल मैंने झूठ बोला."

साहेबांनी वही चाळली. कागद शेजारी धरला. "झूठ क्यों बोला?"

"डर गया."

"आज नहीं डरे?"

आजही भीती वाटतच होती.

"एक वही लिहायला एक रात्र पुरते," अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. भय्याजी समजावू लागले, मांडवात पाचशे माणसं होती म्हणाले. साहेबांनी हातानं थांबवलं आणि पंजाबरावला विचारलं, "नाटक है, तो करके दिखाओ. अभी. यहीं."

"चौकीदार नाही आहे," पंजाबराव म्हणाला.

"ये बैठेंगे." साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

मी खुर्चीत बसलो. शिपायानं कोपऱ्यातली सुतळीची लड दिली. पंजाबरावनं ती हातात घेऊन एकदा ओढून पाहिली, दोर पाहतो तशी. मग बाक ओढून माझ्या शेजारी बसला, इतक्या जवळ की त्याच्या घामाचा वास येत होता.

"काका," तो म्हणाला, "जेवण झालं?"

ही ओळ वहीत होती. मी म्हणालो, "झालं रे बाबा."

"घरी सगळे बरे?"

"बरे आहेत."

आता मुलीच्या बाळंतपणाची ओळ होती. तो थांबला. माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "कांतावैनीले सहावा महिना ना, भाऊराव? वजन उचलू देऊ नोका. पंचफुला येत जाईल पाणी भरून द्याले."

त्या आवाजात राग नव्हता. शोधून पाहिला, नव्हता. त्याला खरंच कांताची काळजी होती. आणि डाव्या मनगटाला सुतळीचा वेढा बसल्याचं मला जाणवत होतं, उजव्याही. मी ओळ विसरलो.

"अन् काल," तो तसाच म्हणाला, "काल तुम्ही कावून बोलले नाही, थे मी इचारून नाही राहिलो. चावी माझ्यापाशी दे, काका."

मी उठायला गेलो. खुर्ची माझ्याबरोबर उचलली गेली आणि मी परत खाली आदळलो. दारातला शिपाई एक पाऊल पुढे आला होता.

साहेब पंजाबरावकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खोल दो इसे."

पंजाबरावनं एक टोक ओढलं आणि दोन्ही हात मोकळे झाले.

साहेबांनी भय्याजींना मांडवात नाटक पाहिलेल्या चार जणांची नावं विचारली. त्यांना बोलावून आणलं, एकेकाला वेगवेगळं विचारलं. पंजाबरावच्या टोळीतला एक खलाशी आला. त्यानं पेन्सिलीच्या चित्रावरून कोणतं लोखंड कोणत्या दिवशी वर चढवलं ते सांगितलं आणि ते साइटवर पडताळलं गेलं. दुपारी तीनला पंजाबराव सुटला. ऑफिसचा कागद वापरला म्हणून मला लेखी ताकीद मिळाली, आणि खोटं बोललो म्हणून नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष गेलं. त्यात अन्याय नव्हता.

गेटबाहेर पंचफुला उभी होती. तिनं नवऱ्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. तो तिथेच, भिंतीला टेकून उकिडवा बसून जेवला. मी जवळ गेलो.

"पंजाबराव, माझं चुकलं."

तो घास संपेपर्यंत थांबला. "चुकलं," म्हणाला. "आज आले, थेबी खरं आहे." आणि पुढचा घास घेतला.

लोकांनी त्याला लगेच आपलं म्हटलं नाही. लढाई थांबल्यावर काळे कागद निघाले, तरी कॅन्टीनमधल्या बाकावर त्याच्या शेजारची जागा बरेच दिवस रिकामी राहायची. सुखराम तेवढा जाऊन बसायचा. पुढच्या गणपतीत भय्याजींनी त्याला पुन्हा भूमिका देऊ केली, चांगल्या माणसाची, सैनिकाची. तो नाही म्हणाला. "सैनिक मले नाही जमत," एवढंच कारण दिलं.

पंचफुला मात्र, पंजाबराव म्हणाला होता त्याप्रमाणे, रोज सकाळी येऊन आमचं पाणी भरत राहिली, डिसेंबरात मुलगी होईपर्यंत आणि नंतर सव्वा महिना. कांतानं दहादा नको म्हटलं. बारशाला पंजाबराव आला. ओट्यावरच बसला. मुलीला बाहेर आणून त्याच्या मांडीवर ठेवलं, तर अवघडून, दोन्ही हातांनी धरून बसला होता, जणू काही तोल जाईल.

सहासष्टच्या उन्हाळ्यात त्यानं पाटी आणली. रविवारी सकाळी दारात बसून अक्षरं गिरवायचा. गावी भावाला पत्र पाठवायचं होतं. तोपर्यंत ती पत्रं मी लिहून देत असे. मी म्हणालो, द्या इकडे, पाच मिनिटांचं काम आहे.

"राहू द्या," तो म्हणाला. "वेळ आहे मले."

पोस्टकार्डाच्या चार ओळींना त्याला अख्खी सकाळ लागली. कांतानं चहा पाठवला, तो मी नेऊन दिला आणि शेजारी बसलो. धान कधी लावणार, तळ्याला पाणी किती आहे, असं त्यात भावाला विचारलं होतं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती. मला दिसली. मी बोललो नाही. त्यानं पत्ता लिहिला, कार्ड उन्हात धरून शाई वाळवली आणि सायकलवर टांग टाकून पोस्टात टाकायला गेला.