देव वगळून बाकी सगळं

जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा वारले, तेव्हा मी पहिल्यांदा बिनधर्माचा अंत्यविधी पाहिला. पाद्री नव्हता, प्रार्थना नव्हती. भाषणासाठी एक भाड्याचा वक्ता आला होता आणि त्याने आजोबांचं नाव दोनदा चुकीचं घेतलं.

घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, "यापेक्षा मी बरं बोलले असते."

"मग बोल की," तो म्हणाला. तो इथल्या केमिकल कंपनीत इंजिनिअर. समस्या दिसली की सोडवून मोकळा होतो. मी पुण्यात भूगोल शिकवायचे आणि इथे सहा वर्षं नकाराची पत्रं गोळा करत होते. त्याने संध्याकाळपर्यंत कोर्स शोधला. लग्न, बाळाचं स्वागत आणि अंत्यविधी, तिन्हींचं भाषण करण्याचं रीतसर सर्टिफिकेट. या देशात सर्टिफिकेटशिवाय रडताही येत नसावं, असा माझा तोवर समज झालाच होता.

कोर्स द्राक्षमळ्यांतल्या एका हॉटेलात, शनिवार-रविवारी. शिकवणारे गृहस्थ पूर्वी रेडिओवर होते. "आल्झो," म्हणजे आपलं साधं 'तर मग', एवढंसुद्धा ते असं म्हणायचे, की आता वादळाचा इशारा येणार असं वाटावं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "इथे धर्म नाही. एक शब्दही नाही." मग माझ्याकडे वळून मवाळ आवाजात म्हणाले, "तुम्ही मात्र भारताची सखोलता घेऊन आला आहात."

बाळाच्या स्वागताच्या सरावाला बाळ म्हणून गुंडाळलेला टॉवेल होता. मी तो हातात घेतला आणि सवयीने त्याच्या गालाला तीट लावल्यासारखं बोट टेकवलं. सर थरारले. "हे काय होतं?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"अद्भुत! हे ठेवा."

"पण धर्म चालत नाही ना?"

"हा धर्म नाही, ही ऊर्जा आहे," ते म्हणाले, आणि अकरा जर्मनांनी वहीत लिहून घेतलं.

परीक्षेत एका काल्पनिक मृताला निरोप द्यायचा होता. माझ्या मृताला तीन काका, दोन आत्या आणि एक रुसलेला मेहुणा होता. "नातेवाईक फार झाले," असा शेरा मारून त्यांनी मला पास केलं.

सर्टिफिकेट मी स्काइपवर सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे तू भटजी झालीस?"

"नाही हो आई. भटजी देवाचं म्हणतात. मी देव वगळून बाकी सगळं."

"मग उरतं काय?" त्यांनी विचारलं. कोर्सच्या जाड फाइलमध्ये याचं उत्तर नव्हतं.

पहिलं काम आलं ते नेहमीच्या वक्त्याला ताप आला म्हणून. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाचा फोन आला आणि मी फाइल घेऊन एका निवृत्त फोरमनच्या बायकोकडे गेले. आजींनी कॉफी आणि आलुबुखाराचा केक पुढे ठेवला.

मी फाइलमधला पहिला प्रश्न विचारला. "त्यांची स्वप्नं काय होती?"

"शिफ्ट संपणं."

"लोकांना त्यांच्यात काय आवडायचं?"

आजींनी बराच विचार केला. "केक घ्या," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी शिकवल्याप्रमाणे लिहिलं: मौन हीच ज्याची भाषा, कष्ट हेच ज्याचं गाणं. स्वतःवरच खूश होऊन मजकूर पाठवून दिला. दहा मिनिटांत आजींचा फोन.

"माझा नवरा वारलाय. हा कोण आहे?"

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, फाइल घरी ठेवून. त्या बोलत राहिल्या, मी लिहीत राहिले. अंत्यविधीच्या दिवशी मी तेच वाचलं. हा माणूस दार उघडं राहिलं तरी ओरडायचा. कुणाचे आभार त्याने कधी मानले नाहीत. बायको नऊ आठवडे हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा तो रोज यायचा, खुर्चीवर बसून पेपर वाचायचा आणि काही न बोलता जायचा. एकही दिवस चुकला नाही.

कुणी रडलं नाही. मागच्या रांगेतले एक म्हातारे मात्र मान डोलावत होते. ते मृताचे धाकटे भाऊ. नंतर कबरीपाशी येऊन म्हणाले, "गेनाऊ. अगदी असाच होता. पण कुंपणाच्या झुडपांवरून आमचं भांडण झालं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. त्यात चूक त्याची होती."

"तुमची होती," आजी मागून म्हणाल्या.

बोलणं बंद होऊन चौदा वर्षं झालेली दोघं तिथेच, उघड्या खड्ड्याच्या काठावर, झुडपांच्या उंचीवरून कडाकडा भांडू लागली. हाताने मापं दाखवून. मला वाटलं, संपलं माझं करिअर. मी व्यवस्थेवाल्याकडे पाहिलं. तो शांतपणे टोपी हातात धरून उभा होता.

"भांडू द्या," तो हळूच म्हणाला. "तुमचं कार्ड आहे ना? चांगल्या माणसांवर बोलायला आमच्याकडे पुष्कळ आहेत."

तेव्हापासून आसपासच्या चार गावांतले सगळे खडूस माझ्या वाट्याला येतात.